आगाशेकाकांचं नाक

जेवायला काय आहे, हे आगाशेकाका कधीच विचारत नसत. पाहुण्यांसाठी कुठली वाइन आणावी असा सल्ला मागितला, की त्यांचा पहिला प्रश्न असे, "माणसं कोण येणार?" दुसरा, "एसी कुठल्या खोलीत आहे?" तिसऱ्याचा काही नेम नसे. मला त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुमचे साहेब जेवणावरून लवकर उठतात की बसून राहतात?"

बँकेतली बदली होऊन मी नुकतीच कोलकात्यात आले होते. नवरा ठाण्यात, मुलगी शिकायला बंगळुरात, आणि मी भवानीपूरला बँकेच्या फ्लॅटमध्ये एकटी. वरच्या साहेबांनी घरी जेवायला बोलावलं. त्यांना मधुमेह, म्हणजे मिठाई बाद. साहेब वाइन घेतात असं कळलं होतं. मला वाइनमधलं लाल आणि पांढरं एवढंच कळायचं. इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्या मागच्या गल्लीतच आगाशे राहतात. कस्टम्समध्ये होते. त्यांना विचारा, नाक आहे त्यांना."

साहेब लवकर उठतात, असं मी काकांना सांगितलं.

"मग लाल नको. लाल वाइनला बसणारा माणूस लागतो. नाशिकची शेनिन ब्लां न्या, पांढरी. हजाराच्या आत येते."

"एवढी स्वस्त? साहेबांना?"

"मॅनेजरबाई, साहेब बाटली पिणार आहेत की बिल? पोचल्या पोचल्या बर्फाच्या पाण्यात उभी करा आणि पाण्यात मूठभर मीठ टाका. पटकन गार होते. आणि टॅक्सीत मांडीवर धरा, डिकीत टाकू नका."

मी मांडीवर धरून नेली. साहेबांना इतकी आवडली की ते त्या दिवशी लवकर उठलेच नाहीत. आता हा सल्ला बरोबर ठरला म्हणायचा की चूक, हे मला तेव्हाही कळलं नाही. काकांना सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले.

काका कोलकात्यातच जन्मले होते. त्यांच्या आजोबांनी इथे येऊन औषधांचं दुकान काढलं होतं. काकांचं मराठी अगदी शुद्ध, थोडं जुनं, पण बोलण्याची चाल बंगाली. उंच, जरा वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी छोटी बॅटरी. ती बाटलीच्या मानेमागे धरून ते आतली वाइन बघत. मग बुचावरून अंगठा फिरवत. बूच जरा जरी वर आलेलं असलं तरी बाटली परत फळीवर जायची. "उन्हात राहिली की आतून फुगते आणि बूच ढकलते," ते सांगत. भवानीपूरच्या एका दारूच्या दुकानात त्यांच्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते तिथे बसत आणि आल्यागेल्याला सल्ला देत. दुकानदाराने पंखाही त्यांच्याकडे वळवून ठेवला होता.

हे सगळं त्यांना आलं खिदिरपूरच्या गोदीत. परदेशातून आलेल्या मालाचे कंटेनर कागदपत्रांपायी उन्हात पडून राहत. आतली वाइन सोडायची की नष्ट करायची हे ठरवताना बाटल्या उघडाव्या लागत, आणि ते काम बहुतेक वेळा काकांच्या गळ्यात पडे. नोकरीत असेपर्यंत त्यांनी एकही बाटली घरी आणली नाही, एक थेंबही गिळला नाही. वास घ्यायचा, जिभेवर फिरवायची, थुंकायची. पिणं निवृत्तीनंतर सुरू केलं, तेही स्वतः विकत घेऊन. "पहिल्यांदा गिळली तेव्हा अपराधी वाटलं," असं ते म्हणत.

मी भेटले त्या काळात त्यांचं वाइनचं वर्णन अगदी सरकारी असे. "आंबट. स्वच्छ. घ्या." किंवा, "जड. मटण असेल तरच." किंवा एकच शब्द, "भाजली." एवढ्यावर माणसाने वाइन निवडायची. तरी सगळे त्यांनाच विचारत, कारण भाजलेली बाटली त्यांच्या नाकातून सुटत नसे, आणि आमच्यासारख्या पगारी माणसांना एक बाटली वाया जाणं खिशाला लागतंच.

माझी स्वतःची फजिती सांगते. दुकानात एकदा सवलत लागली म्हणून मी सहा बाटल्या घेतल्या आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर भिंतीला असलेल्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत नीट लावल्या. खिडकीतून दुपारचं ऊन बरोबर तिथे यायचं. म्हणूनच तर मी लोणची तिथे ठेवायची. काका चहाला आले, फळीकडे नजर गेली आणि कप टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"हे काय केलंत?"

"का? घट्ट बंद आहेत की."

"अहो, हे लोणचं आहे का? ही उन्हात मुरत नाही, मरते!"

त्यांनी सहाच्या सहा उतरवून माझ्या पलंगाखाली आडव्या ठेवल्या. तिथे गारवा होता. त्यातल्या दोनच वाचल्या. उरलेल्या चारांत मी मटण शिजवलं. मटण चांगलं झालं होतं.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. नंदिताकाकू. त्या बंगाली, माहेर कोलकात्यातल्याच बागबाजारचं, लग्न ठरवून नव्हे तर प्रेमात पडून केलेलं. त्या मराठी झकास बोलत, फक्त लिंगांची वाट लावत. "माझा बहीण आली" आणि "वाइन आला." ठेंगण्या, हसऱ्या, आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर "बर्गी", म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला येणारा मराठा स्वार, म्हणणाऱ्या. "आमच्या बागबाजारला मराठ्यांना अडवायला केवढा खंदक खणला होता," त्या सांगत, "तरी हा बर्गी आत घुसलाच!" त्यावर काका शांतपणे म्हणत, "घुसलो नाही, जावई म्हणून आलो. तुझ्या बाबांनी रोहू वाढला होता." काकू वाइनला फक्त ओठ लावत. "मला वास पुरतो," असं म्हणत. तेव्हा कुणी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

कर्नल मोहिते फोर्ट विल्यममध्ये, लष्कराच्या किल्ल्यात होते. आमच्या मंडळातलं मोठं प्रस्थ, मनाने उदार, आवाजाने त्याहून. एकदा त्यांनी आम्हा पाचसहा जणांना घरी बोलावलं, कारण जावयाने फ्रान्सहून आणलेली बोर्दोची महागडी बाटली उघडायची होती. काकांनी बुचावरून अंगठा फिरवला, मग ग्लासात ओतलेली हुंगली.

"भाजली."

"काका, ही साधी बाटली नाही!"

"ठेवली कुठे होती?"

कर्नल जरा अभिमानानेच म्हणाले, "ट्रंकेत. दोन रजयांमध्ये गुंडाळून. जोधपूरहून इथवर आणली, साधा चरा नाही गेला."

"जोधपूरचा उन्हाळा तिने रजई पांघरून काढला?"

कर्नलांच्या बायकोला हसू आवरेना. आम्ही चाखली. उकडलेल्या मनुकांचं पाणी. काकांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली, पोर्तुगालची व्हिनो व्हेर्दे, हलकी, जराशी फसफसणारी, बोर्दोच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणारी. मोहरी लावून वाफवलेल्या हिलशा माशाबरोबर ती अशी लागली की कर्नलांनी राग गिळला. "काका," ते म्हणाले, "तुमचं नाक आमच्या किल्ल्याच्या दारावर पहाऱ्याला ठेवायला पाहिजे."

मग साथ आली. काका आठ-दहा दिवस तापात होते, घरीच बरे झाले. पुढे आमचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं, आणि माझ्या गोंधळाची खरी सुरुवात तिथून झाली.

काकांची भाषाच बदलली. जर्मनीची एक जुनी रीसलिंग त्यांनी कुणाला तरी सुचवली, ती अशी: "गंधराज लिंबू, आणि स्टोव्ह पेटवायच्या आधीचं रॉकेल." घेणारा घाबरत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन न्यायला आला. जॉर्जियाची मडक्यात मुरवलेली नारिंगी वाइन म्हणजे "वाळलेली संत्र्याची साल, नव्या माठातलं पाणी." ग्रीसची राळ घातलेली रेत्सिना म्हणजे "दुर्गापूजेत अष्टमीच्या आरतीतल्या धुनोचा, राळेच्या धुपाचा धूर. पिणाऱ्याने आधी नाक, मग जीभ तयार ठेवावी." अर्जेंटिनाच्या माल्बेकला ते म्हणाले, "जांभळं खाल्लेल्या पोराचा शर्ट." दुकानात शनिवारी गर्दी वाढली. लोक बाटलीसाठी येत तसे काकांचं ऐकायलाही येत. महाग काय, स्वस्त काय, काकांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, बाटली उचलली जायची.

मला मात्र हे पटत नव्हतं. साठी उलटलेला, आयुष्यभर "आंबट, स्वच्छ, घ्या" म्हणणारा मराठी कस्टम अधिकारी तापातून उठून एकाएकी असं कसं बोलायला लागतो? मी विचारलं, तर म्हणाले, "वयाने सुचतं." काकू तेव्हा भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवर कुणाला तरी दक्षिण आफ्रिकेच्या पिनोताजचं वर्णन सांगत होते, "धुराचा वास, आणि खूप पिकलेलं केळं." त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं. धूर नुकताच सुटायला लागला होता, पण वास जिन्यापर्यंत आला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला. काकांनी मान वळवून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फोन ठेवून दिला.

"काका, वास आला नाही तुम्हाला?"

इतक्यात काकू गच्चीवरून कपडे घेऊन आल्या. पातेलं बघून म्हणाल्या, "गेला वाटतं आमचा गुपित."

तापात काकांचं वास येणं गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, येईलही, नाहीही. रोज सकाळी ते लवंग, कापूर, लिंबाची साल आणि गुलाबपाणी समोर ठेवून हुंगत बसत आणि काहीच न मिळता उठत. वाइन उघडली की काकू हुंगत आणि जे आठवेल ते बंगालीत सांगत. काका ते मराठीत किंवा हिंदीत पुढे देत. रॉकेल काकूंचं. धुनो काकूंचा. जांभळाचा शर्ट काकूंच्या धाकट्या भावाचा.

"कुणाला सांगू नका," काका म्हणाले. "निवृत्त माणसाला शनिवारी स्टुलावर कोण बसवतं? हे एवढंच आहे माझं. नाक गेलं म्हटलं की उद्या ते स्टूल जाईल."

"पण काकूंचं नाक तर आहे ना?" मी म्हणाले. "काकूंनाच बसवा स्टुलावर."

"दारूच्या दुकानात? मी?" काकू म्हणाल्या. "बागबाजारची माझा बहीण मला घरात घेणार नाही."

यात कोण कोणाला फसवत होतं हे मला नीट मांडता येत नव्हतं. वर्णन खोटं नव्हतं. बाटल्या चांगल्या निघत होत्या. विकत घेणारा खूश होता. मी बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या बघते. सही एकाची आणि सांगणं दुसऱ्याचं असेल तर मी फाइल परत पाठवते. ही फाइल कुठे पाठवायची? मी ती कुठेच पाठवली नाही.

कर्नल मोहित्यांचा निवृत्तीचा समारंभ आला तेव्हा प्रश्न उभा राहिला. मेसमध्ये जेवण, पन्नासेक माणसं, आणि कर्नलांनी चिली, सिसिली, कर्नाटक अशा ठिकठिकाणच्या लाल वाइन जमवल्या होत्या. काकांनी पाहुण्यांसमोर एकेक उघडून पास करायची, असा त्यांचा हट्ट. "ट्रंक नाही, एसीत ठेवल्यात," त्यांनी फोनवर ओरडून सांगितलं. नेमकं त्याच आठवड्यात काकूंच्या बहिणीचा पाय मोडला आणि काकू बागबाजारला जाऊन राहिल्या.

काका माझ्याकडे आले. "तुम्ही चला."

"मला काय कळतं?"

"दोनच गोष्टी ओळखायच्या. उकडलेल्या मनुका, म्हणजे भाजली, किंवा ओला पुठ्ठा, म्हणजे बुचाने बिघडली. आला वास, तर डोळे मिटा. नाही आला, तर माझ्याकडे बघा."

टॅक्सीत ते पूर्ण वेळ खिशातली बॅटरी चालू-बंद करत होते. त्यांना भीती वाटत होती, आणि ती झाकायची कशी हे त्यांना येत नव्हतं.

मेसमध्ये टेबलावर बाटल्या मांडलेल्या, भोवती लोक ग्लास घेऊन उभे. काकांनी बॅटरी लावली, अंगठा फिरवला, ओतली, नाकाशी धरली आणि मग ग्लास माझ्याकडे दिला, सहज दिल्यासारखा. मी हुंगलं. मला वाइनचा वास आला. दुसरीतही वाइनचाच आला. चिलीची कार्मेनेर जरा हिरव्या मिरचीसारखी वाटली, पण पुठ्ठा नव्हता, म्हणून काकांकडे बघितलं. ते "घ्या" म्हणाले. मग सिसिलीची नेरो दाव्होला आली. तिच्यात मला पुठ्ठा आला. मग नाही आला. मग पुन्हा आल्यासारखा वाटला. मी एक डोळा मिटला.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कर्नल म्हणाले, "काय काका, भाजली का?"

काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. "कर्नलसाहेब, मला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. मला खरंच कळत नाही ही बाटली कशी आहे."

मग कर्नल असे हसले की मागच्या खोलीतले लोक डोकावले. "बस काय काका! मागच्या महिन्यात तुम्हीच मला ते रॉकेल पाजलंत!"

"ते नंदिताला आलं होतं. मला नाही."

"बघा, आता बायकोला पुढे केलं!" कुणीतरी म्हणालं. आणखी हशा. कर्नलांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "ते खरं सांगताहेत." ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा ना, पद्मजाताई, त्यांच्या नाटकात सामील!" आणि तिने काकांच्या हातात पुढची बाटली दिली.

सिसिलीची बाटली बाजूला ठेवायची की नाही यावर कुणी निकाल दिला नाही, त्यामुळे ती वाढली गेली. अर्ध्या लोकांना ती बिघडलेली वाटली. उरलेल्यांना त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली वाटली. दोन्ही बाजूंनी काकांचाच दाखला दिला.

परतताना टॅक्सीत काका म्हणाले, "मी सांगितलं ना?"

"सांगितलंत."

"मराठीतच सांगितलं ना?"

"अगदी स्वच्छ."

"मग आता काय करायचं?"

माझा स्वभाव असा, की कुणी काय करू विचारलं तर मी काहीतरी सांगतेच. तेव्हा मी टॅक्सीवाल्याला उजवीकडे वळायला सांगितलं. काकूंना हे कळल्यावर त्या फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे माझी नोकरी पक्की झाली," त्या म्हणाल्या. स्टूलही तिथेच राहिलं. पुढे दुकानात कुणी वर्णनाचं कौतुक केलं की काका म्हणत, "बायकोचं आहे," आणि लोक नम्रपणाबद्दल त्यांचं आणखी कौतुक करत.

माझी बदली गुवाहाटीला झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले, तेव्हा काकांनी एक बाटली पुढे केली. मदेरा. पोर्तुगालच्या बेटावरची, गडद तपकिरी, स्वस्तातली नव्हे.

"तुमच्यासारख्यांना हीच बरी," ते म्हणाले. "हिला बनवतानाच मुद्दाम तापवतात. आता फ्रिजवर ठेवा, खिडकीत ठेवा, हिचं काही बिघडत नाही. पूर्वी गोरे साहेब जहाजातून आणायचे, ती वाटेत आणखी सुधारायची. हे मात्र तुमचं लोणचं."

त्यांनी तसलीच एक बाटली घरी उघडलेली होती. एका छोट्या ग्लासात थोडी ओतली आणि सवयीने नाकाशी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि ग्लाससाठी हात पुढे केला.

काकांनी ग्लास दिला नाही. "अक्रोड," ते म्हणाले. "आणि जळकी साखर."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. त्यांनी अजून हुंगलेलं नव्हतं. मग ग्लास घेऊन त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, "ठीकच तर." मला काही ठरवता येईना. मदेरा बहुतेक तशीच येते म्हणतात. गोदीत त्यांनी ती शेकड्याने हुंगली असणार. पाठ असेल. किंवा आदल्या दिवशी काकूंनी सांगितलं असेल आणि दोघंही विसरले असतील.

"काका, आला का वास?" मी सरळ विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही कळत नाही."

"मलाही," ते म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. दार लागलं. बाटली छातीशी धरून मी जिना उतरायला लागले, आणि पहिल्या वळणावर मला करपलेल्या दुधाचा वास आला. मी थांबले. वर कोण ओरडतं ते ऐकत उभी राहिले.

"नंदिता, दूध!"

आवाज काकांचा होता. आता त्यांना ते दिसलं असेल. ऐकू आलं असेल, उतू जाताना चर्र आवाज होतो. परत वर जाऊन विचारावं म्हणून मी दोन पायऱ्या चढलेही. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, तशी उतरले.